व्याजावर जगलेलं दशक



ज्या ड्रॉइंग मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्या हातून कान पिळून घेतलेल्या मुलांपैकी मी एक. मास्तर चित्रकला शिकवायचे आणि संध्याकाळी विठ्ठल मंदिरात कीर्तनाला पेटीची साथ करायचे. या दोन्ही कामांसाठी त्यांना पगार मिळत होता तो एकच, आणि तोही वेळेवर मिळत नसे. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, मास्तर जे जगले त्यावरच बोलतो. छोट्या गावांतलं साठीचं दशक, त्यातलं गाणं आणि चित्र.

साठीचं दशक म्हटलं की आपल्याकडे दोन चित्रं ठरलेली असतात. एक परदेशातलं. बीटल्स, १९६८ साली ऋषिकेशला महेश योगींच्या आश्रमात येऊन बसलेले ते चौघे, १९६७ ला मॉन्टेरेत आणि १९६९ ला वुडस्टॉकला सतार वाजवणारे पंडित रविशंकर. दुसरं मुंबईतलं. जहांगीर आर्ट गॅलरी, गायतोंड्यांची निःशब्द कॅनव्हासं, लघुअनियतकालिकं, इराण्याच्या हॉटेलातली भांडणं. दोन्ही खरी आहेत. मला तिसरं सांगायचंय. मिरज, सांगली, औंध, कोल्हापूर आणि जरा लांबचं देवास. या गावांतून मी तेव्हा पोरवयात हिंडलो आणि आता निवृत्तीनंतर, गुडघे साथ देतात तोवर, एसटीनं पुन्हा हिंडतो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना मागच्या दारानं निघता येईल. संस्थानं १९४८-४९ मध्ये विलीन झाली. औंध, सांगली, मिरज ८ मार्च १९४८ ला गेली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. पण संस्थानिकांनी गावात जे पेरून ठेवलं होतं, म्हणजे कारागीर, नाट्यगृहं, गवयांची घरं, चित्रशाळा आणि मुख्य म्हणजे ऐकणारे-बघणारे लोक, ते एका रात्रीत विलीन झालं नाही. ती मुद्दल होती. साठीचं दशक त्या मुद्दलीच्या व्याजावर जगलं. आणि आम्हाला वाटत राहिलं, ही आमचीच कमाई.

मिरजेपासून सुरुवात करू.

त्या काळी पुण्याहून मिरजेला मीटरगेजची गाडी यायची आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी बार्शी लाइटची नॅरोगेज याच जंक्शनातून सुटायची. स्टेशनवर उतरणाऱ्यांचे तीन प्रकार असत. मिशन हॉस्पिटलात जाणारे रोगी, दर्ग्याला जाणारे भाविक आणि काखेत गवसणी घातलेलं वाद्य घेऊन सतारमेकर गल्लीकडे निघालेले गवई. पहिले दोन प्रकार आजही उतरतात.

सतारमेकर गल्लीतली मंडळी मूळची शिकलगार. तलवारी, भाले, जंबिये यांना धार लावणं हा त्यांचा पिढीजात धंदा. इंग्रजी अमलात हत्यारांचं काम बसलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगारांनी वाद्यं दुरुस्त करता करता नवी घडवायला घेतली. मिरजकर पटवर्धनांच्या दरबारात गवयांची ये-जा होती, त्यामुळे गिऱ्हाईक दारात होतं.

तंबोरा कसा होतो, हे मी मास्तरांबरोबर तिथल्या एका दुकानात तासन्‌तास बसून पाहिलंय. भोपळे येतात भीमेच्या काठचे, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे. हा खायचा भोपळा नव्हे, कडू. वेलावरच मोठा होऊ द्यायचा, मग महिनोन्‌महिने वाळवायचा. चांगला भोपळा निवडणारा कारागीर आधी बोटानं टिचकी मारतो आणि कान लावतो. पोटातला आवाज पटला नाही तर बाजूला. भोपळा कापून, भिजवून, आतून काड्यांचा ताण देऊन त्याला हवा तो घेर आणतात. दांडी आणि तबली तुणाच्या लाकडाची. मग खुंट्या, मणी, वरची वेलबुट्टी, लाखेचं पॉलिश. इथवर सुतारकाम झालं. तंबोरा अजून मुकाच असतो.

बोलतो तो जवारी काढल्यावर. घोडीच्या पाठीला तार जिथं टेकते तिथला उतार कानशीनं, मग काचकागदानं इतका हलका घासायचा की तार छेडली की ती घोडीवर किंचित सरपटत जावी. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा. तो केसभर पुढंमागं सरकवायचा. मध्येच एका जागी तो बद्द आवाज फुटतो आणि आतून दुसरेच सूर झिरपायला लागतात. षड्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो तो इथं. कानस किती वेळा फिरवायची याचं माप नाही. दुकानातले चाचा कानस फिरवायचे, छेडायचे, मान हलवायचे, पुन्हा कानस. आम्ही पोरं कंटाळायचो. मास्तर मात्र डोळे मिटून बसायचे आणि मधूनच, ‘चाचा, आता हात लावू नका’ असं म्हणायचे. चाचा त्यांच्याकडे रागानं बघायचे आणि मग खरोखरच कानस खाली ठेवायचे.

इथं एक मोह आवरायला हवा. रविशंकरांमुळे जगभर सतारीची लाट आली आणि मिरज पोटाला लागली, असं सांगायला फार आवडेल. पण रविशंकरांची सतार कलकत्त्याच्या नोदू मलिकांच्या हातची. मिरजेची खरी ओळख तंबोऱ्याची. आपल्या दशकात जे जे बैठकीत गाजलं, त्यातल्या बऱ्याच गाण्यांच्या मागं मिरजेचे दोन तंबोरे झंकारत होते आणि कार्यक्रमपत्रिकेवर त्यांचं नाव नव्हतं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद आहे. मात्र तोवर तंबोरा आधी पेटीएवढ्या यंत्रात आणि मग फोनमध्ये जाऊन बसला होता.

गल्लीतून चालत दर्ग्यात जाता येतं. ख्वाजा शमना मीरांच्या या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासकडे सिंगपेरुमल कोईल स्टेशनवर गेले. पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत अस्वस्थ वाटलं म्हणून उतरले. देह आणला मिरजेला. तेव्हापासून उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. किराणा घराण्यातली मोठमोठी मंडळी इथं बिदागी न घेता गाऊन गेली. तिकीट नाही, पास नाही. साठीच्या दशकात मी तिथं जे श्रोते पाहिले, ते पुढं मोठ्या शहरांतल्या महोत्सवांत दिसले नाहीत. हमाल, विडीवाले, तांबोळी, सांगलीहून सायकलनं आलेले कारकून, कर्नाटकातले शेतकरी. समेवर सगळ्यांची मान एकदम पडायची. हा कान कुणी तयार केला? एकट्या आकाशवाणीनं नव्हे.

आकाशवाणीचं नाव निघालं म्हणून सांगतो. सांगलीचं केंद्र सुरू झालं १९६३ ला. त्याआधी रात्री पुणे-मुंबई लावायचं, बुधवारी सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला, आणि रेडिओचं लायसन्स पोस्टातून दरवर्षी नवं करायचं. सांगली केंद्र आल्यावर आमच्या भागातले भजनी, शाहीर, सनईवाले एकाएकी हवेतून ऐकू यायला लागले. गावाला स्वतःचा आवाज ऐकायची सवय नसते, त्यामुळे लोक आधी हसले, मग गप्प होऊन ऐकू लागले. मास्तरांना मात्र या केंद्राचा उपयोग नव्हता. शास्त्रीय गाण्याच्या साथीला पेटी चालायची नाही, अशी आकाशवाणीची बंदी १९४० पासून होती आणि ती ढिली पडायला १९७१ उजाडलं. घराघरांत पेटी, देवळात पेटी, नाटकात पेटी, आणि रेडिओवर पेटीला मज्जाव! सुरांच्या शुद्धतेवरून घातलेली ही बंदी मला तेव्हाही हास्यास्पद वाटायची, आजही वाटते.

नाटकांबद्दल थोडक्यात बोलतो, कारण त्यावर आपल्याकडे उदंड बोललं जातं. संगीत नाटक संपलं, असं १९६० पर्यंत सगळे धरून चालले होते. त्याच साली विद्याधर गोखल्यांचं ‘पंडितराज जगन्नाथ’ आलं, १९६४ ला ‘मत्स्यगंधा’, १९६७ च्या डिसेंबरात ‘कट्यार काळजात घुसली’. जितेंद्र अभिषेकींनी नाट्यपदाला नवी चाल दिली आणि वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब पाहायला लोक बैलगाड्या जोडून आले. त्याच १९६७ च्या जुलैत बालगंधर्व गेले. विष्णुदास भाव्यांची सांगली, देवलांचं हरिपूर, बालगंधर्वांचं रंगभूमीवरचं पहिलं पाऊल पडलं ती मिरज. या टापूत प्रयोग लागला की नटमंडळी जरा सांभाळून गायची, असं जुने लोक सांगतात. पहिल्या रांगेत कोण बसलंय, याची त्यांना कल्पना असे.

आता चित्रांकडे वळतो, कारण मास्तरांचं खरं खातं ते.

छोट्या गावात चित्रं दिसत कुठं? आर्ट गॅलरी नव्हतीच. चित्र दिसायचं सलूनमध्ये, किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर आणि दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर. रघुवीर मुळगावकरांचे देव घराघरांत होते. दीनानाथ दलालांचा ‘दीपावली’ वाचनालयात आला की मुखपृष्ठ फाटण्याआधी हाती लागावं म्हणून मास्तर ग्रंथपालाला चहा पाजायचे. मग ते चित्र वर्गात फळ्याला टाचणीनं लावून आम्हाला विचारायचे, ‘सावली कुठल्या रंगाची आहे?’ आम्ही म्हणायचो, काळी. ‘नीट बघा.’ सावली जांभळी निघायची, कधी हिरवी. दलालांच्या रंगांचं मोठेपण समीक्षकांनी फारसं मान्य केलं नाही. मुंबईतल्या शहाण्यांच्या लेखी ते इलस्ट्रेटर. माझ्या मते त्या दशकात जितक्या मराठी डोळ्यांना दलालांनी रंग बघायला शिकवलं, तितक्यांना सगळ्या गॅलऱ्यांनी मिळूनही शिकवलं नाही.

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या सरकारी परीक्षा असायच्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. वस्तुचित्राला तांब्या, भांडं, एखादं वांगं आणि मागं पडदा. वांग्यावरचा उजेड पकडता आला की मास्तर खूश. परीक्षा संपल्यावर वांगी मास्तरांच्या घरी जायची, हे आम्हाला ठाऊक होतं.

इंटरमीजिएट झालेल्या मुलांना मास्तर एकदा औंधला न्यायचे. एसटीनं, स्वतःच्या खर्चानं. औंध म्हणजे यमाईच्या डोंगराखालचं एवढंसं गाव. तिथं बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली टेकडीवर संग्रहालय बांधलं. राजा स्वतः चित्रकार. चित्ररामायण काढलं, अजिंठ्याच्या नकला करून घेतल्या, रविवर्मा, धुरंधर जमवले, पहाडी लघुचित्रं आणली. आणि एका दालनात हेन्री मूरचं ‘मदर अँड चाइल्ड’. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या शिल्पकारांपैकी एकाचं मूळ काम सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात! आम्ही तेव्हा ते पाहून हसलो. आईला नाक नाही, पोराला धड चेहरा नाही. मास्तर म्हणाले, ‘हसा, पण मागून बघून या.’ मागून पाहिलं तेव्हा दगडातला तो वाक, बाळाला कवेत घेताना पाठीला येतो तो, आपोआप दिसला. आधुनिक कलेवर मी नंतर बरीच पुस्तकं वाचली. त्या फेरीनं जे झालं ते त्यांनी झालं नाही.

याच औंधात श्रीपाद दामोदर सातवळेकर चित्रकारी सोडून वेदांकडे वळले आणि त्यांचे चिरंजीव माधवराव चित्रकार होऊन पुढं राज्याचे कला संचालक झाले. ग. दि. माडगूळकर औंधच्या शाळेत शिकले. अंतूबुवा जोशी दरबारी गवई, त्यांचे चिरंजीव गजाननबुवा गायकही आणि व्हायोलिनवादकही. अंतूबुवांनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० साली सुरू केलेला संगीत उत्सव आजही भरतो. एवढ्याशा गावात हे सगळं आलं, कारण एका माणसानं राज्याचं उत्पन्न त्यासाठी बाजूला काढलं. राज्यकारभार लोकांच्या हाती देणारा राजा म्हणूनही पंतांचं नाव घेतलं जातं, ते रास्तच आहे. पण लोकांच्या हाती गेलेल्या कारभारानं पुढं तसं दुसरं संग्रहालय बांधलं नाही, हेही नोंदवून ठेवू.

कोल्हापुरात तर शाहू महाराजांनी पेरलेलं तीन पिढ्यांना पुरलं. अल्लादिया खाँसाहेब त्यांच्या दरबारी. आबालाल रहिमान त्यांच्या पदरी. १९१५ चं पॅलेस थिएटर, पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह, त्यांचं. बाबूराव पेंटर याच हवेत वाढले. साठीच्या दशकात यातलं काय चालू होतं? जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकर सिनेमे काढत होते. ‘मराठा तितुका मेळवावा’ १९६४ चा, ‘साधी माणसं’ १९६५ चा. दोन्हींचं संगीत ‘आनंदघन’ या नावानं, आणि आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. कोल्हापूरचेच जी. कांबळे भिंतीएवढी पोस्टरं रंगवत होते. मुंबईच्या मराठा मंदिरावर १९६० साली ‘मुघल-ए-आझम’चे जे फलक झळकले, ते त्यांच्या कुंचल्याचे. शिवाजी महाराजांचं जे चित्र आज सरकारी कचेऱ्यांत दिसतं, तेही त्यांचंच. आणि याच गावात जन्मलेला, जे. जे.त शिकलेला एक जाहिरातवाला त्या दशकात जेजुरीचा गड चढून आला. अरुण कोलटकर. ‘जेजुरी’ छापून यायला मात्र सत्तरीचं दशक उजाडलं.

केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळालं. त्यावर जास्त बोलवत नाही.

आता देवास. माझ्या म्हणण्याला छेद जातो तो इथं, म्हणून त्याला वगळणं बरं नव्हे. माळव्यातलं हे पवारांचं मराठी संस्थान. थोरली पाती आणि धाकटी पाती असे एकाच गावात दोन राजे. रजब अली खाँसाहेब इथलेच, १९५९ ला वारले. १९४८ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा एक तरुण गवई क्षयानं पोखरलेलं फुप्फुस घेऊन हवाबदलाला इथं आला. कुमार गंधर्व. त्यांचे गुरू बी. आर. देवधर मूळचे मिरजेचे, हेही जाता जाता. पाचेक वर्षं गाणं बंद. बिछान्यावर पडल्या पडल्या रस्त्यावरून जाणाऱ्या बायांची माळवी गाणी, बाजारातली आरोळी, शीलनाथ महाराजांच्या धुनीवर येणाऱ्या जोग्यांचे निर्गुणी सूर कानावर येत होते. १९५३ ला ते पुन्हा गाऊ लागले, ते अर्ध्या श्वासाचे, तुटक, झेपावणारे तुकडे घेऊन. १९६१ ला पत्नी भानुमतीबाई गेल्या. तरी त्याच दशकात गीतवर्षा, ‘मला उमजलेले बालगंधर्व’, कबीराची भजनं, आणि १९६५ ला ‘अनूपरागविलास’. बिदागी देणारा राजा नाही, दरबार नाही. महाराष्ट्रातून आमंत्रणं येत, गाऊन माणूस पुन्हा टेकडीखालच्या घरी परत.

मी देवासला गेलो तो उशिरा, कुमारजी गेल्यावर. स्टेशनपासून टेकडीकडे चालत गेलो. गाव आता कारखान्यांचं झालंय. देवीला जाणाऱ्यांची रीघ, नारळांची दुकानं, आणि त्या गर्दीतही एक जोगी एकतारीवर गुणगुणत बसलेला. मला प्रश्न पडला. राजा नसताना हे झालं, तर माझ्या मुद्दलीच्या हिशेबाचं काय? पण इंदूरला जुन्या माणसांशी बोलल्यावर उलगडलं. कुमारजींभोवती जे मित्र होते, संपादक राहुल बारपुते, नाटकवाले बाबा डिके, चित्रकार विष्णू चिंचाळकर, ते त्याच संस्थानी माळव्याच्या मुशीतले. चिंचाळकर गुरुजी तर वाळकी पानं, फांद्या, फुटकी भांडी यांत चित्र शोधायचे. गाणं ऐकून चित्रकारानं बोलावं आणि गवयानं ते मनावर घ्यावं, ही संगत पैशानं मिळत नाही. राजाचं देणं बंद झालं होतं, राजानं जमवलेली माणसं शिल्लक होती. कुमारजींसारखा प्रतिभावंत व्याजावर जगला नाही, त्यानं मुद्दलीत भर घातली. असे किती असणार?

बाकी आपण सगळे खर्च करत राहिलो. सत्तरीत दलाल गेले, कॅलेंडरं छापखान्यात स्वस्तात निघू लागली, नाटकाच्या गाड्या मोठ्या शहरांपुरत्या फिरू लागल्या. शाळांतून चित्रकला आणि संगीताचे पूर्णवेळ शिक्षक एकेक करून कमी झाले. मास्तर निवृत्त झाले त्या जागेवर माझ्या शाळेत दुसरं कुणी आलं नाही. दोष संस्थानं गेल्याचा नाही. ती जायलाच हवी होती, आणि त्यांच्या अमलात सगळीच चित्रं काही सुंदर नव्हती. दोष असा, की त्यांची जागा घेणाऱ्या नगरपालिकांनी, बँकांनी, साखर कारखान्यांनी आणि शिक्षणसंस्थांनी कलेवर खर्च म्हणजे वार्षिक स्नेहसंमेलन, एवढंच गृहीत धरलं. आज या भागात जेवढे पैसे आहेत, तेवढे साठीच्या दशकात नव्हते.

म्हणून शेवटी संयोजकांना विनंती. मला शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह काही देऊ नका. ज्या शाळेत मास्तर शिकवत होते, तिथं आता मुली जास्त आहेत. त्यांच्यासाठी मिरजेहून काळी चारच्या सुराचे दोन तंबोरे घ्या, आणि दरवर्षी जवारी काढून घ्यायची तरतूद अंदाजपत्रकात करा, नाहीतर वर्षभरात ते कपाटावर जातील. चित्रकलेच्या शिक्षकाची जागा भरण्यासाठी संस्थेकडे जे निवेदन जाईल त्यावर पहिली सही माझी. आजचं मानधन तंबोऱ्यांच्या खात्यावर जमा धरा. बाकीचे पैसे या सभागृहातून उभे राहतील, अशी माझी खात्री आहे. दाराशी डबा ठेवायला सांगितलाय.